कर लावता येईना, म्हणून भाव बांधला: स्कॉटलंडच्या किमान दारूदराचं प्रकरण

२०१८ च्या एप्रिलपर्यंत स्कॉटलंडमधल्या दुकानात सायडरची तीन लिटरची प्लॅस्टिकची बाटली चार पौंडांच्या आत-बाहेर मिळत असे. सायडर म्हणजे सफरचंदाची दारू. या स्वस्तातल्या पांढऱ्या सायडरमध्ये अल्कोहोल साडेसात टक्के, म्हणजे एका बाटलीत साडेबावीस युनिट. ब्रिटनमध्ये १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट, आणि आठवड्याला १४ युनिटांच्या वर जाऊ नका असा तिथल्या डॉक्टरांचा सल्ला. चार पौंडांत दीड आठवड्याहून जास्त दिवसांची दारू घरी येत होती. १ मे २०१८ ला तीच बाटली ११ पौंड २५ पेन्सपेक्षा कमी दरात विकणं बेकायदा ठरलं. कंपनीनं भाव वाढवला नव्हता, सरकारनं करही वाढवला नव्हता.

भाव बांधणारा हा कायदा स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा इथल्या स्कॉटिश पार्लमेंटनं केला होता, तोही सहा वर्षं आधी, २०१२ मध्ये. मधली वर्षं कोर्टात गेली. अर्धेच अधिकार हाती असलेलं विधिमंडळ एखादं धोरण कसं रेटतं, कुठे अडतं आणि त्या अडण्यातून कायद्याला कसा आकार येतो, हे बघायला यापेक्षा चांगलं प्रकरण माझ्या तरी माहितीत नाही.

हातात काय होतं, काय नव्हतं

स्कॉटिश पार्लमेंट १९९९ मध्ये सुरू झालं. १२९ आमदार, एकच सभागृह. विधान परिषदेसारखं दुसरं काही नाही. त्याच्या अधिकारांची चौकट १९९८ च्या स्कॉटलंड ॲक्टमध्ये आहे आणि तिची रचना आपल्याला थोडी उलटी वाटते. आपल्या घटनेत राज्यांची स्वतंत्र सूची आहे. तिथे लंडननं, म्हणजे ब्रिटनच्या केंद्रानं, स्वतःकडे ठेवलेल्या विषयांची यादी आहे. त्या यादीत जे नाही ते सगळं एडिंबराचं. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि बहुतेक कर लंडनकडे. आरोग्य, शिक्षण, पोलीस, न्यायालयं आणि दारूविक्रीचे परवाने एडिंबराकडे.

गोची इथेच होती. महाराष्ट्राच्या विधानसभेला दारू महाग करायची असेल तर सरळ रस्ता आहे, कारण मद्य आणि मद्यावरचं उत्पादन शुल्क हे दोन्ही राज्य सूचीत आहेत. होलीरूडला (पार्लमेंट ज्या भागात आहे त्यावरून सगळे त्याला याच नावानं ओळखतात) दारूच्या करातला एक पेनीही बदलता येत नाही. रुग्णालयांत यकृत निकामी झालेल्यांची रांग सांभाळायची एडिंबरानं, आणि त्या दारूवरचा कर ठरवायचा लंडननं.

रांग खरोखर मोठी होती. २००६ मध्ये, साधारण ५० लाखांच्या देशात, थेट दारूमुळे होणाऱ्या आजारांनी १,४१७ माणसं मेली. सर्वांत गरीब वस्त्यांमधलं हे मृत्यूचं प्रमाण सर्वांत सुखवस्तू वस्त्यांच्या चौपटीहून जास्त. जास्त पिणारे गरीब लोक नेमकी स्वस्त आणि कडक दारू घेतात, पबमधली महाग बिअर घेत नाहीत, हे सगळ्यांना दिसत होतं.

मग अधिकाऱ्यांनी परवान्याचा दरवाजा शोधला. दारू विकायला परवाना लागतो, परवान्याला अटी असतात, आणि अटी ठरवणं होलीरूडच्या हातात आहे. २००५ च्या परवाना कायद्यात आणखी एक अट घालायची: अमुक दराच्या खाली विकाल तर परवाना धोक्यात. सूत्र कायद्यातच लिहिलेलं आहे. दर युनिटचा भाव, गुणिले दारूची तीव्रता, गुणिले लिटरमधलं आकारमान, गुणिले शंभर. ५० पेन्स दरानं ७०० मिलिलिटरची ४० टक्क्यांची व्हिस्की १४ पौंडांच्या खाली नाही. साडेबारा टक्क्यांची वाइनची बाटली ४ पौंड ६९ पेन्सच्या खाली नाही. बाटलीवर एमआरपी बघून घ्यायची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे गमतीचं वाटेल: तिथे दुकानदार जास्त घेतो का हे बघायचं नाही, कमी घेतो का हे बघायचं.

पहिला प्रयत्न आणि आकड्यांचा खेळ

२००७ मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टी म्हणजे एसएनपी सत्तेवर आली ती ४७ जागांच्या जोरावर. बहुमताला ६५ लागतात. आरोग्यमंत्री निकोला स्टर्जन यांनी किमान दराची तरतूद विधेयकात आणली, दर ४५ पेन्स सुचवला, आणि २०१० च्या नोव्हेंबरमध्ये विरोधकांनी एकत्र येऊन ती तरतूद तेवढी कापून टाकली. उरलेलं विधेयक मंजूर झालं. त्यातून दुकानांतली 'तीन घ्या, दोनचे पैसे द्या' छापाची सूट २०११ च्या ऑक्टोबरपासून बंद झाली. पण एकाच बाटलीचा भाव पाडायला त्यात काही आडकाठी नव्हती.

विरोधाचे मुद्दे सरसकट टाकाऊ नव्हते. लेबर पक्षाचा आक्षेप मला आजही सगळ्यांत वजनदार वाटतो. कर वाढवला तर जास्तीचा पैसा सरकारी तिजोरीत जातो. किमान दर बांधला तर तो दुकानदाराच्या गल्ल्यात जातो. म्हणजे गरीब ग्राहकाकडून काढून टेस्कोसारख्या साखळ्यांना द्यायचा. याला सरकारकडे धड उत्तर नव्हतं.

याच वादात बकफास्टचं नाव सारखं निघे. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या मठात जन्मलेली ही गोडसर, कॅफीनवाली वाइन पश्चिम स्कॉटलंडमधल्या टवाळ पोरांची दारू म्हणून बदनाम आहे. गंमत म्हणजे ५० पेन्सच्या दरानं तिला काहीच फरक पडला नाही, कारण ती आधीपासून त्याहून महाग विकली जात होती. वर्तमानपत्रांना हवी असलेली खलनायिका कायद्याच्या जाळ्यातून आरामात निसटली. यकृताच्या वॉर्डातले चाळीस-पन्नाशीचे पुरुष मात्र सायडर आणि सुपरमार्केटची स्वतःच्या छापाची व्होडका पिऊनच तिथे पोचलेले होते.

मे २०११ च्या निवडणुकीत एसएनपीला ६९ जागा मिळाल्या. ज्या मतदान पद्धतीत कुणालाच एकट्याला बहुमत मिळू नये असं सगळे धरून चालले होते, तिथे स्पष्ट बहुमत. ऑक्टोबर अखेरीस विधेयक परत आलं, या वेळी फक्त किमान दरासाठी. होलीरूडमध्ये वरचं सभागृह नसल्यानं छाननीचं ओझं समित्यांवर असतं. आधी आरोग्य समिती साक्षी-पुरावे घेऊन विधेयकाच्या मूळ तत्त्वावर अहवाल देते, मग समितीत कलमवार दुरुस्त्या होतात, शेवटी पूर्ण सभागृहात. शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या दरांना कोण किती पिणं कमी करेल याचं गणिती प्रारूप मांडलं होतं. अर्धी चर्चा त्याच्याभोवती फिरली. विधेयकात दराचा आकडाच नव्हता. तो नंतर आदेशानं ठरवायचा होता, आणि तो ५० पेन्स असेल हे सरकारनं अंतिम मतदानाला जेमतेम दहा दिवस उरले असताना सांगितलं.

सरकारकडे बहुमत होतं, तरी त्यानं काँझर्व्हेटिव्ह पक्षाला सोबत घेतलं. त्यांची मुख्य अट होती: कायद्याला मुदत घाला. दर लागू झाल्यापासून पाच वर्षांनी परिणामांचा अहवाल पार्लमेंटसमोर ठेवायचा, आणि सहा वर्षं पूर्ण होण्याआधी पार्लमेंटनं पुन्हा मत देऊन कायदा चालू ठेवला नाही तर तो आपोआप संपेल. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होता; संघाच्या कार्यकारी मंडळाला, युरोपियन कमिशनला, आधी कळवायचं, हेही मान्य झालं. २४ मे २०१२ ला मतदान झालं. बाजूनं ८६, विरोधात १, तटस्थ ३२. तटस्थ राहिलं ते लेबर.

त्या दिवशी कुणालाही ही मुदतीची अट म्हणजे मतांसाठी केलेली तडजोड वाटली असती. तशी ती होतीच.

पाच वर्षं कोर्टात

लंडनच्या पार्लमेंटनं केलेला कायदा ब्रिटनमधलं कुठलंही कोर्ट रद्द करू शकत नाही. होलीरूडला हे संरक्षण नाही. अधिकाराबाहेर जाऊन केलेला कायदा हा कायदाच नव्हे, असं स्कॉटलंड ॲक्टचं २९ वं कलम सांगतं. त्या वेळी 'अधिकाराबाहेर'मध्ये युरोपीय संघाच्या कायद्याशी विसंगती हीसुद्धा येत होती.

स्कॉच व्हिस्की असोसिएशननं युरोपातल्या वाइन आणि मद्य उत्पादकांच्या संघटनांना सोबत घेऊन नेमकं त्यावरच बोट ठेवलं. संघातल्या देशांत माल मुक्तपणे फिरला पाहिजे. बल्गेरियात किंवा फ्रान्समध्ये कुणी स्वस्तात वाइन बनवत असेल तर स्वस्तपणा हीच त्याची ताकद; किमान दर लावला की ती ताकद गेली. व्हिस्कीवाल्यांना खरी भीती निर्यातीची होती. आज स्कॉटलंडनं आरोग्याचं कारण सांगून भाव बांधला तर उद्या दुसरा देश तेच कारण पुढे करून स्कॉचला अडवेल. ज्या देशाच्या नावानं ही दारू जगभर खपते त्याच देशाचं सरकार समोरच्या बाकावर, हे दृश्य तिथल्या लोकांनाही अवघड वाटलं असणार.

२०१३ मध्ये एडिंबराच्या न्यायालयात सरकार जिंकलं. अपिलात प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे गेलं. त्यानं डिसेंबर २०१५ मध्ये दोन्ही बाजूंना आपण जिंकलो असं म्हणता येईल असा निकाल दिला: किमान दरामुळे व्यापाराला अडथळा होतो; कर वाढवून तेच साधत असेल तर तो मार्ग कमी अडथळ्याचा; पण आरोग्यासाठी किमान दरच लागतो का, हे तुमच्या न्यायालयानं पुराव्यावरून ठरवावं. २०१६ मध्ये एडिंबरात सरकार पुन्हा जिंकलं. असोसिएशन लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १५ नोव्हेंबर २०१७ ला सात न्यायमूर्तींनी एकमतानं अपील फेटाळलं.

लॉर्ड मान्स यांचं निकालपत्र शांतपणे वाचण्यासारखं आहे. कर का पुरत नाही याचं त्यातलं उत्तर साधं आहे. कर वाढला की सगळ्यांची दारू महागते, मापात पिणाऱ्याचीही. शिवाय मोठं सुपरमार्केट गिऱ्हाईक खेचायला तो बोजा स्वतः सोसू शकतं. किमान दर फक्त तळातल्या स्वस्त दारूवर बसतो, आणि जास्त नुकसान होणारे लोक तीच पितात. जीव वाचवणं आणि मुक्त बाजार यांत कशाला किती वजन द्यायचं, हे मुळात लोकांनी निवडून दिलेल्या पार्लमेंटनं ठरवायचं, न्यायालयानं त्यात आपलं मत घुसवू नये, असाही सूर आहे.

माझ्या लेखी कळीचा मुद्दा पुढे येतो. हा प्रयोग आहे, यश येईलच याची खात्री नाही, हे न्यायालयानं मान्य केलं. आणि म्हणूनच कायद्यातल्या आढाव्याच्या आणि मुदतीच्या तरतुदींना सरकारच्या बाजूचा महत्त्वाचा मुद्दा म्हणून मोजलं. काँझर्व्हेटिव्हांनी शंकेपोटी घालायला लावलेली अट पाच वर्षांनी कायद्याला वाचवायला उपयोगी पडली. बहुमताच्या बळावर सरकारनं ती झिडकारली असती, तर न्यायालयात एक भक्कम आधार कमी झाला असता.

लंडनमध्ये डेव्हिड कॅमेरून यांच्या सरकारनं २०१२ मध्ये इंग्लंडसाठीही किमान दराची घोषणा केली होती. तिथे अधिकारांची काही अडचण नव्हती. पुढच्याच वर्षी ती कल्पना बासनात गेली. हाती सगळे अधिकार असलेल्यांनी सोडलेली गोष्ट अर्ध्या अधिकारवाल्यांनी शेवटाला नेली. वेल्सनं २०२० मध्ये आणि आयर्लंडनं २०२२ मध्ये आपापले किमान दर लागू केले.

परिणाम: आकडे आणि त्यांचे अर्थ

इंग्लंडनं कायदा केला नाही याचा संशोधकांना मात्र फायदा झाला. शेजारी, तीच दुकानं, तीच दारू, किमान दर नाही: तुलनेला यापेक्षा चांगली जागा कुठली? पब्लिक हेल्थ स्कॉटलंड या सरकारी आरोग्य संस्थेनं पाच वर्षांत विक्री, मृत्यू, गुन्हे, छोटी दुकानं, व्यसनी लोक असे वेगवेगळे अभ्यास करून जून २०२३ मध्ये अंतिम अहवाल दिला. दारूची विक्री ३ टक्क्यांनी कमी. पूर्णपणे दारूमुळे होणारे मृत्यू, कायदा नसता तर जितके झाले असते त्यापेक्षा, १३.४ टक्क्यांनी कमी. म्हणजे वर्षाला सरासरी १५६. रुग्णालयात भरती ४.१ टक्क्यांनी कमी. सगळ्यांत जास्त फरक पुरुषांत आणि गरीब वस्त्यांत. सीमा ओलांडून इंग्लंडमधून दारू आणणाऱ्यांची भीती होती; तसे लोक निघाले, पण थोडे.

'कायदा नसता तर' या तीन शब्दांवर सगळा वाद आहे. प्रत्यक्षातले मृत्यू २०१९ मध्ये १,०२० होते, कोविडच्या २०२० मध्ये १,१९० झाले, २०२३ मध्ये १,२७७. साध्या माणसाला चढता आलेख दिसतो आणि सरकार म्हणतं जीव वाचले. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, कारण टाळेबंदीत घरी पिणं वाढलं आणि इंग्लंडमध्ये मृत्यूंची चढण आणखी खडी होती. तरी आपण गृहीतकावर उभ्या असलेल्या अंदाजाबद्दल बोलतो आहोत, मोजलेल्या माणसांबद्दल नाही, हे विसरू नये. सरकारी प्रसिद्धीपत्रकांत ते बऱ्याचदा विसरलं जातं.

अभ्यासाचा सगळ्यांत कडू भाग व्यसनाच्या आहारी गेलेल्यांचा आहे. त्यांचं पिणं कमी झाल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. काहींनी दारू महाग झाल्यावर खाण्यावरचा किंवा बिलांचा खर्च तोडला. ज्याला दारूवाचून झटके येतात, त्याच्यासाठी ११ पौंड २५ पेन्स ही नुसती जास्तीची किंमत आहे. त्याला हवे आहेत उपचार. तो पैसा आणि ती माणसं याच सरकारच्या आरोग्य खात्यात कमी पडत होती, असं विरोधक म्हणाले, आणि मला त्यात तथ्य वाटतं. किमान दर मुळात उद्याचा व्यसनी घडू नये म्हणून आहे. आजच्या व्यसनीचा इलाज म्हणून तो विकणं ही राजकारण्यांची चलाखी होती.

दुसरं मतदान

मुदत ३० एप्रिल २०२४ ला संपत होती. १७ एप्रिलला मतदान झालं. प्रश्न दोन: कायदा ठेवायचा का, आणि दर ५० वरून ६५ पेन्स करायचा का. सहा वर्षांच्या महागाईनं ५० पेन्सची धार गेली होती. तितकीच ताकद टिकवायला साठीच्या पुढे जावं लागणारच होतं. बाजूनं ८८, विरोधात २८.

गटांची अदलाबदल बघा. २०१२ मध्ये तटस्थ राहिलेलं लेबर आता बाजूनं. २०१२ मध्ये साथ देणारे काँझर्व्हेटिव्ह विरोधात. त्यांच्या तेव्हाच्या आरोग्य प्रवक्त्याचं नाव मराठी वाचकाला थबकवेल: डॉ. संदेश गुल्हाने, त्या वेळी ग्लासगो विभागाचे आमदार आणि स्वतः डॉक्टर. व्यसनी माणूस जेवण टाकून दारू घेतो आणि मृत्यू तर वाढतच आहेत, मग या धोरणानं साधलं काय, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. मुदतीचं कलम त्यांच्याच पक्षानं घालायला लावलेलं. ते वापरून प्रश्न विचारायचा हक्क त्यांना होताच.

३० सप्टेंबर २०२४ पासून ६५ पेन्स लागू झाले. सायडरची ती बाटली आता १४ पौंड ६३ पेन्सच्या खाली विकता येत नाही, व्हिस्की १८ पौंड २० पेन्सच्या. कायद्याला आता अशी मुदत उरलेली नाही. पण दर महागाईबरोबर आपोआप वाढत नाही. तो वाढवायचा तर पुन्हा आदेश, पुन्हा मतदान.

लेबरचा २०१० चा प्रश्नही जिथल्या तिथे आहे. जास्तीचे पैसे अजून दुकानांकडेच जातात. इथे मात्र होलीरूडला लंडनकडे बोट दाखवता येत नाही, कारण दुकानांच्या जागेवरचा कर पूर्णपणे त्याच्याच हातात आहे. २०१२ ते २०१५ या काळात दारू आणि तंबाखू दोन्ही विकणाऱ्या मोठ्या दुकानांकडून याच मार्गानं एक जादा आकार घेतलाही जात होता. तो पुन्हा लावण्याचा विचार करू, असं सरकारनं डिसेंबर २०२३ च्या अर्थसंकल्पात म्हटलं. दुकानदारांच्या संघटनांनी जोरदार विरोध केला, आणि वर्षभरानं पुढच्या अर्थसंकल्पात तो विचार सोडून देण्यात आला.